बँकेचं पिल्लू

१

बँकेचं पिल्लू चोरीला गेलं, ही बातमी मस्कतला पोचली तेव्हा बँकेला पिल्लू झालंय हेच मुळात कुणाला ठाऊक नव्हतं.

तक्रार केली होती मुसल्लमने. सिनावच्या बाजारात उंटांचा व्यापार करणारा हा माणूस मुख्य कचेरीत फोन करून ओरडला, "माझ्या उंटिणीला झालेलं पिल्लू तुमच्या माणसाच्या ताब्यातून गायब झालंय. ते मला द्या, नाहीतर सौदाच खोटा आहे असं मी काझीसमोर सांगेन!" फोन उचलणाऱ्याला वाटलं, चुकून पशुवैद्याचा नंबर लागला असावा. त्याने तो फोन सरळ शम्साकडे जोडून दिला.

शम्सा बिन्त खलफान बँकेची शरिया लेखापरीक्षक. हिशेब जुळतो की नाही हे बघायला दुसरी माणसं होती. सौदा धर्माच्या चौकटीत बसतो की नाही, हे शम्सा बघायची. शाखाशाखांत तिला पाठीमागे 'चाळणी' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. गुडघा दुखरा, जीभ तिखट, आणि खजुराच्या हलव्यापुढे मात्र अगदी मेण. लहानपणी ती वाळवंटात उंटांच्या मागे फिरली होती. पुढे शहरात आली, चष्मा लागला, वाळू सुटली.

तिने फाईल मागवली. सौदा साधाच होता. बँक व्याजाने पैसे देत नाही. गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू आधी स्वतः विकत घेते, ताब्यात घेते, आणि मग आपल्याला ती केवढ्याला पडली हे उघड सांगून, त्यावर ठरलेला नफा लावून गिऱ्हाइकाला विकते. इथे वस्तू होती समहा नावाची पोटुशी उंटीण. गुरुवारी शाखेने ती मुसल्लमकडून घेतली. शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी ती उम्म हिलाल नावाच्या विधवेला विकली.

म्हणजे मधले दोन दिवस समहा बँकेची होती. शम्साने चष्मा काढून पुसला. सौद्यात खोट निघाली तर तो मोडणार, उंटीण मुसल्लमकडे परत जाणार. आणि मुसल्लमला आज तिच्यासाठी दुप्पट भाव देणारा शर्यतवाला भेटलाय, हे त्याने रागाच्या भरात फोनवरच ओकून टाकलं होतं.

सकाळीच ती गाडी काढून सिनावला पोचली. शाखेचा व्यवस्थापक कैस दारातच उभा होता. मस्कतचा पोरगा, इस्त्रीचा पांढरा झब्बा, डोक्याला नवीकोरी टोपी आणि चेहऱ्याला घामाच्या धारा.

"उस्ताजा, उगाच त्रास घेतलात. पिल्लू मेलेलंच जन्मलं. मी स्वतः पुरलं."

"अरेरे. कुठे?"

कैसने शाखेमागच्या कुंपणातल्या वाळूकडे बोट केलं. बँक घेतलेली जनावरं तिथेच बांधत असे.

"फावडं आण," शम्सा म्हणाली.

"आत्ता? या उन्हात?"

"मेलेल्याला ऊन लागत नाही, बाळा. आण."

कैसने खणलं. मग थोडं डावीकडे खणलं. मग उजवीकडे. झब्ब्याची इस्त्री गेली, टोपी वाकडी झाली. वाळूखाली एक फुटकी बादली निघाली आणि दुसरं काहीच निघालं नाही.

"कुत्र्यांनी नेलं असेल," कैस पुटपुटला.

"आणि जाताना वाळू पुन्हा सारखी करून गेली? फारच वळणाची कुत्री दिसतात तुमच्या सिनावची."

कैसच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने खड्डा बुजवायला घेतला.

२

मुसल्लमचा उंटांचा गोठा बाजारापासून जवळच होता. त्याने तिला कॉफी दिली, खजूर पुढे केले आणि लगेच भांडायला सुरुवात केली.

"बहिणी, मी आई विकली. पोट विकलं नव्हतं!"

"मुसल्लमभाऊ, पोट वेगळं ठेवून आई विकता येत नाही. दिसत नाही, मोजता येत नाही, जगेल की मरेल ठाऊक नाही, त्याचा सौदा कसला? आई जाते तिथे पोट जातं. तुझ्या बापालाही हे ठाऊक होतं."

"होतं," तो दाढी खाजवत म्हणाला. "पण म्हटलं, बँकवाल्यांना ठाऊक नसेल."

शम्साला हसू आलं. लबाड होता, पण लबाडी दाताखाली लपवणारा नव्हता.

"किंमत कशी घेतलीस? रिकाम्या उंटिणीची की पोटुशीची?"

"पोटुशीची! भरपूर घेतली. बाप कोण आहे माहितेय का? शर्यतीत धुरळा उडवणारा. तुमचा तो इस्त्रीवाला घासाघीसही करेना."

"आणि आता पिल्लू कुठे आहे?"

"मला ठाऊक असतं तर तुला फोन केला असता का? शनिवारी कुंपणाच्या फटीतून मी स्वतः पाहिलं. जिवंत, काळंभोर, उभं राहत होतं, पडत होतं. सोमवारी पाहतो तर गायब. मला वाटलं त्या म्हाताऱ्या उम्म हिलालने नेलं. तिला म्हटलं, रविवारी सही झाल्यावर जन्मलं असं सांग. म्हणजे ते तुझं होईल, मग मला विक, नवीकोरी पिकअप देतो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पिल्लाचं बँकेला विचार. तिच्या अंगणात फिरून आलो मी. शेळ्यांमध्ये पाहिलं, गवताच्या गंजीमागे पाहिलं. तुमचा कैसही शोधून गेला. काही नाही. घरात मात्र नाही हं पाऊल टाकलं. एकट्या बाईचं घर, तोबा तोबा."

बोलता बोलता शम्साची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. गोठ्याच्या कोपऱ्यात, सावलीत, लटपटत्या पायांवर एक काळंभोर पिल्लू उभं होतं.

३

"ते कुणाचं?" शम्साने विचारलं.

"ते? ते माझं! माझ्या दुसरीचं! अल्लाची शपथ!" मुसल्लम उठूनच उभा राहिला.

"शपथ ठेव. त्याला सोड."

दोरी सुटताच पिल्लू धडपडत निघालं ते थेट एका तांबूस उंटिणीच्या पोटाखाली शिरलं. तिने मान वळवून त्याला हुंगलं आणि निवांत रवंथ करत उभी राहिली. दुसऱ्याच्या पिल्लाला हिने लाथ घातली असती. शम्साने मान डोलावली. मुसल्लम याबाबतीत तरी खरा होता. त्यानेही सुटकेचा श्वास सोडला, आणि जाताना हलव्याचा एक डबा बळेच तिच्या गाडीत टाकला. तिने तो बाहेर काढून परत त्याच्या हातात दिला. तपास चालू असताना हलवा घ्यायचा नाही, हा तिचा नियम होता, आणि त्या नियमाइतका त्रास तिला दुसऱ्या कशाचाच झाला नव्हता.

उम्म हिलालचं घर गावाच्या टोकाला, वाळू सुरू होते तिथे. उम्म हिलाल म्हणजे हिलालची आई. तिचा हिलाल मस्कतला नोकरी करतो. नाकावर बुरख्याचा काळा मुखवटा, डोळे मात्र चिमणीसारखे चपळ.

"आलीस का गं? कोणाची तू?"

"खलफानची मुलगी, उम्म हिलाल. अदम गावची."

"म्हणजे आपलीच की! बस, बस. इथेच बस झाडाखाली. बैठकीत रंगाचं काम काढलंय मेलं."

घाफच्या झाडाखाली चटई अंथरलेली होती. ऊन पानांतून गळत होतं. बैठकीची खोली समोरच होती, दार बंद. तिच्या भिंतीतला एसी घुर्रघुर्र करत होता. खोलीच्या खिडकीशी समहा बांधलेली होती, उंच, सोनेरी. नाक खिडकीच्या गजांना टेकवून डोळे मिटून उभी.

उम्म हिलाल उठली. एका पायावर उभी राहिली, दुसरा गुडघा वर घेऊन त्यावर वाडगा तोलला आणि समहाचं दूध काढू लागली. बायकांनी उंटीण दोहायची नाही म्हणणारे म्हातारे सिनावात होते, पण उम्म हिलालच्या वाटेला कुणी जात नसे. समहाने जरासुद्धा हालचाल केली नाही. फेसाळ, कोमट वाडगा शम्साच्या हातात आला. तिने तो एका दमात संपवला. ओठांवर फेस राहिला आणि क्षणभर ती परत वाळूतली अनवाणी पोर झाली.

"ही माझ्या हातांवर जन्मली," उम्म हिलाल समहाकडे बघत म्हणाली. "हिचा नवरा... अगं, हिचा कसला, माझा नवरा गेला आणि हिलालने मला न विचारता हिला मुसल्लमला विकली. म्हणाला, आई, तुझ्याच्याने आता होत नाही. माझ्याच्याने होत नाही! मी दोन वर्षं त्याच्याशी धड बोलले नाही. मग शेळ्या विकल्या, गालिचे विणले, आणि बँकेकडे गेले. परत गेली ना ही, तर मी काही फार दिवस काढायची नाही, पोरी. हे तुला खरं सांगते."

"पिल्लाचं काय झालं, उम्म हिलाल?"

म्हातारीने वाडगा वाळूने घासायला घेतला.

"मला बँकेने उंटीण विकली, ती मी आणली. आणखी दूध घेतेस?"

४

शाखेत परतल्यावर शम्साने दार लावून घेतलं आणि कैसला समोर बसवलं.

"हं. आता मेलेलं पिल्लू जिवंत कर."

कैसने टोपी काढून टेबलावर ठेवली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"शनिवारी जनावराला पाणी द्यायला गेलो तर पिल्लू! माझी पाचावर धारण बसली, उस्ताजा. वस्तूच बदलली, आता सौदा रद्द होणार, उंटीण परत जाणार. त्या म्हातारीने त्या उंटिणीसाठी काय काय विकलंय ते मी पाहिलं होतं. म्हणून रविवारी ठरल्याप्रमाणे तिची सही घेतली आणि पिल्लाचं कागदावर काहीच लिहिलं नाही. म्हटलं, नंतर वरिष्ठांना विचारू. संध्याकाळी पाहतो तर कुंपण उचकटलेलं, पिल्लू नाही. मला वाटलं, मुसल्लमने नेलं. मग म्हटलं, मेलं असंच सांगावं."

"तिच्यासाठी केलंस की नोकरीसाठी?"

कैसने टेबलावरची टोपी सरळ केली. मग खरं बोलला. "दोन्हीसाठी. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं."

"हे मी अहवालात लिहिणार आहे, समजलं ना?"

"लिहा," तो म्हणाला. "आता खोटं बोलायची ताकद उरली नाही."

तिला तो पोरगा एकदम आवडला. पण तसं दाखवण्याइतकी ती भोळी नव्हती.

शिपायाने करक चहा आणला. डब्यातल्या घट्ट दुधाचा गोडमिट्ट चहा. शम्साने घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं. मघाचं ते ताजं दूध प्यायल्यावर हे कसलं दूध!

कप तिच्या हातात अधांतरीच राहिला.

ताजं दूध. पिल्लू नाहीसं होऊन कितीतरी दिवस उलटले होते, आणि समहा दूध देत होती. नुसती देत नव्हती, डोळे मिटून, पान्हा सोडून देत होती. पिल्लू मेलं वा दुरावलं की उंटीण दूध चोरते. शम्साच्या लहानपणी तिची माणसं अशा वेळी मेल्या पिल्लाच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवत. तेव्हा कुठे उंटीण फसून पान्हा सोडत असे. उम्म हिलालच्या अंगणात पेंढ्याचं पिल्लू नव्हतं. होती फक्त एक खिडकी, आणि त्या खिडकीला नाक लावून उभी राहिलेली आई.

आणि रंगकाम काढलेल्या खोलीत एसी कोण लावतो? वाळवंटातली कुठली बाई लांबून आलेल्या पाहुणीला उन्हात झाडाखाली बसवते?

"टोपी घाल," शम्सा उठत म्हणाली. "चल माझ्याबरोबर. पण तू अंगणातच थांबायचंस."

५

उम्म हिलालने तिला परत आलेली पाहिलं आणि काही न बोलता कमरेची किल्ली काढली. बैठकीचं दार उघडलं.

आत गारेगार हवा होती. तिने स्वतः विणलेला लाल गालिचा, भिंतीशी लोड, आणि पाहुण्याच्या मानाच्या जागेवर, दोन लोडांच्या मधोमध, एक काळंभोर पिल्लू पाय दुमडून बसलेलं होतं. त्याच्या गळ्यात बँकेची हिरवी फीत होती. जाहिरातीसाठी शाखा गिऱ्हाइकांना वाटते ती.

"परपुरुष माझ्या घरात पाऊल टाकणार नाही, हे मला ठाऊक होतं," म्हातारी म्हणाली. "पण बँक बाईला पाठवेल, हे नव्हतं बाई माझ्या डोक्यात आलं."

"का नेलंस?"

"ही पिल्लाशिवाय पाऊल उचलेना. आणि त्याला तिथे ठेवलं असतं तर उपाशी मेलं असतं. त्या पोराला सांगितलं असतं तर त्याने घाबरून लिलावात काढलं असतं, नाहीतर त्या मुसल्लमच्या गळ्यात बांधलं असतं. म्हटलं, दूध तुटेपर्यंत सांभाळावं, मग शाखेत नेऊन बांधावं. तुम्ही सगळे आलात ते पिल्लू कुठे आहे हेच विचारत. कुणाचं आहे, हे कुणी विचारलंच नाही."

शम्सा गालिच्यावर टेकली. गुडघा कळवळला. "मी विचारते. कधी जन्मलं?"

दारापलीकडे अंगणात कैस कान देऊन उभा होता. रविवारी संध्याकाळी, असं एवढंच म्हातारीने म्हणायचं होतं. पिल्लू तिचं झालं असतं, पिकअपही आली असती, आणि जगात कुणालाही तिला खोटं पाडता आलं नसतं.

"शुक्रवारी," उम्म हिलाल म्हणाली. "जुम्म्याच्या नमाजाला. मी हिला चारा टाकायला गेले होते. सगळे पुरुष मशिदीत होते. आम्ही दोघीच होतो. म्हणजे उंटीण तेव्हा बँकेची होती, आणि पिल्लूही बँकेचंच. म्हणून तर ती फीत घातली गळ्यात. मी एकटी आहे, आज-उद्या मेले तर लोकांना वाटायला नको, म्हातारीचं आहे."

इतकी वर्षं ती शाखाशाखांत लोकांनी लपवलेलं शोधत फिरत होती. स्वतःविरुद्ध साक्ष देणारं असं माणूस तिला भेटलं नव्हतं. तिने चष्मा पुसायचं निमित्त केलं.

"न विचारता नेलंस, ही तुझी चूक," ती शेवटी म्हणाली.

"माझीच. लिही."

"लिहिते. पण चोरी तू केलेली नाहीस. चोरी दुसऱ्याने केली." तिने दाराकडे तोंड केलं. "कैस! मुसल्लमला किंमत कशाची दिलीस?"

"पोटुशी उंटिणीची," बाहेरून आवाज आला.

"आणि उम्म हिलालला विकलीस ती?"

मग अगदी बारीक आवाज आला. "रिकामी. पण किंमत... किंमत तीच लावली. वर नफा."

"ऐकलंस, उम्म हिलाल? बँकेने आपली खरेदी गिऱ्हाइकाला उघड सांगायची, हा या सौद्याचा प्राण. तुला सांगितलंच नाही की बँकेने त्या किमतीत दोन जीव घेतले. तू दोन जिवांचे पैसे देऊन एकच जीव घरी आणलास. चोर आहे ती बँक."

"या अल्ला!" कैसने अंगणातच टोपी काढून कपाळाला हात लावला.

शम्सा फक्त तपास करू शकत होती. निवाडा द्यायचा अधिकार बँकेच्या धर्ममंडळाचा. तिने मंडळाचे वयोवृद्ध शेख जहरान यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून आधी खोकला ऐकू आला, मग हसू.

"पिल्लू आईचं दूध पितंय ना?"

"खिडकीतून नाक, दारातून दूध. उत्तम चाललंय, शेख."

"मग ऐका. उंटिणीचा सौदा काही मोडत नाही. त्या पोराने फुकट धसका घेतला. पण उम्म हिलालकडून जास्त घेतलंय. तिला विचारा, सौदा परत करायचाय, किंमत कमी करून हवीय, की राहिलेला जीव पदरात घ्यायचाय. तिन्हींतलं काय ते तिच्या मर्जीवर. आणि त्या लेकराला आईपासून तोडू नका रे. कैसला माझ्याकडे पाठवा. लग्नाआधी चार धडे शिकू दे."

शम्साने म्हातारीकडे पाहिलं. मुखवट्याच्या वरचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती.

"न बघता मी काही घेणार नाही," उम्म हिलाल म्हणाली. "माल नीट दाखवा."

आणि खरोखर, इतके दिवस ज्याला उशाशी घेऊन झोपली त्या पिल्लाला तिने कधी न पाहिल्यासारखं चहूबाजूंनी पाहिलं. पाय दाबले, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, कान ओढले. पिल्लाने तिचा पदर तोंडात घेतला.

"मागचा पाय किंचित वाकडा आहे," ती म्हणाली. "पण चालेल. घेते."

शम्साने पिल्लाच्या गळ्यातली हिरवी फीत सोडली आणि पर्समध्ये ठेवली. मग दोरीचं टोक उचलून, बँकेच्या वतीने, म्हातारीच्या हातात दिलं. उम्म हिलालने ते मुठीत घट्ट धरलं, आणि तेव्हा कुठे ती रडली. खिडकीतून समहाने गळ्यातून एक खोल आवाज काढला.

"अगं, तू अशी खाली कशी बसलीस?" डोळे पुसत म्हातारी एकदम भानावर आली. "पाहुणी तू! मघाशी तुला झाडाखाली बसवलं, तेव्हापासून जिवाला नुसतं लागून राहिलंय. वर बस, मानाच्या जागेवर."

मानाच्या जागेवरून पिल्लू काही हलेना. ढकललं तरी हलेना. शेवटी शम्सा त्याच्या शेजारीच लोडाला टेकली आणि दुखरा पाय लांब केला. उम्म हिलालने हलव्याची वाटी आणून तिच्यापुढे ठेवली.

तपास संपला होता. शम्साने वाटी पुढे ओढली.